एकाच कॉरिडॉरमधल्या दोन आज्या: केअर होमचं बिल नक्की कोण भरतं?

इयरफोन लावलेत ना? आजचा एपिसोड जरा लांब आहे. लोकलमध्ये असाल तर कर्जतची स्लो गाडी पकडलीय असं समजा आणि ऐका.

विषय असा. आपली एक श्रोती मूळची नागपूरची, सध्या इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या एका केअर होममध्ये कामाला आहे. तिनं व्हॉइस मेसेज पाठवला. म्हणाली, "ताई, आमच्याकडे एकाच कॉरिडॉरमध्ये दोन आज्या आहेत. दोघींना मीच उठवते, आंघोळ घालते, भरवते. एकीला मेंदूचा आजार आहे, मध्येच कधीही फिट्स येतात. तिचा सगळा खर्च एनएचएस करतं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा. घरच्यांना एक पैसा द्यावा लागत नाही. दुसरीला डिमेन्शिया आहे. ती मुलालासुद्धा ओळखत नाही. त्या मुलानं परवा आईचं घर विकायला काढलं, कारण होमचे पैसे भरायला आता दुसरं काही उरलंच नाही. दोघी आजारी, दोघींचं काम सारखंच. मग असं का?"

मी उत्तर टाइप करायला बसले आणि लक्षात आलं की हे दोन ओळींचं काम नाही. यासाठी १९४८ सालात जावं लागतं. आणि १९४८ नीट कळायचं तर १६०१ पासून सुरुवात करावी लागते. घाबरू नका, मधली बरीच वर्षं आपण फास्ट फॉरवर्ड करणार आहोत.

तर १६०१. आपल्याकडे अकबराची राजवट चालू आहे, तिकडे पहिली एलिझाबेथ राणी आहे. इंग्लंडमध्ये गरिबांसाठी एक मोठा कायदा झाला, त्याला पुअर लॉ म्हणतात. थोडक्यात सांगायचं तर प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनं, आपापल्या गरिबांना पोसायचं आणि त्यासाठी घर-जमीन असणाऱ्यांकडून कर गोळा करायचा. पण त्याच कायद्यात एक कलम होतं. माणूस गरीब असेल, म्हातारा असेल, आंधळा-पांगळा असेल, तर त्याला पोसण्याची जबाबदारी त्याच्या आईवडिलांची, आजीआजोबांची आणि मुलांची. अर्थात त्यांची ऐपत असेल तर.

हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे कट्ट्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं: "इंग्रज लोक आईबापांना सांभाळत नाहीत, ती त्यांची संस्कृतीच नाही." अहो, मुलांनी आईबापांना पोसलं पाहिजे हा तिथला लेखी कायदा होता, आणि तो तब्बल ३४७ वर्षं टिकला! आता कायदा होता म्हणजे पाळला जायचाच असं नाही. म्हाताऱ्याची मुलंही बहुतेक वेळा गरीबच असायची, त्यांच्याकडून काय वसूल करणार? पण कायदा होता.

आता फास्ट फॉरवर्ड. १८३४. कारखाने आलेत, शहरं फुगलीत, गरिबांवरचा खर्च वाढलाय आणि कर भरणारे वैतागलेत. मग कायदा बदलला. मदत हवी? मग वर्कहाऊसमध्ये या. बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराचं आयुष्य जसं असेल, त्यापेक्षा आतलं आयुष्य वाईट असलं पाहिजे, हे तत्त्व उघडपणे ठरवलेलं होतं. का? तर लोकांनी मदत मागायलाच येऊ नये.

आत गेलं की पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. चाळीस वर्षं संसार केलेले म्हातारा-म्हातारीसुद्धा वेगळे. त्यावर इतकी ओरड झाली की १८४७ मध्ये कायद्यात सूट द्यावी लागली: दोघंही साठीच्या पुढचे असतील तर त्यांना जबरदस्तीनं वेगळं ठेवायचं नाही. चार्ली चॅप्लिन माहितीये ना? १८९६ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, तो आई आणि भावासोबत लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाऊसमध्ये गेला होता. आणि अजून एक गोष्ट, ही ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. १८३२ च्या एका कायद्यानं अशी सोय करून ठेवली होती की वर्कहाऊसमध्ये कुणी मेलं आणि देह न्यायला कोणी आलं नाही, तर तो चिरफाडीसाठी वैद्यकीय शाळांना देता येईल. म्हातारपणी वर्कहाऊसमध्ये जाणं म्हणजे काय भीती असेल, विचार करा. ही भीती नंतर कित्येक पिढ्या गेली नाही. आजही इंग्लंडमधल्या काही म्हाताऱ्या लोकांना एखाद्या हॉस्पिटलचं नाव काढलं की कसंतरी होतं, कारण त्यांच्या आजीच्या तोंडून त्यांनी ती इमारत वर्कहाऊस म्हणून ऐकलेली असते. आणि ते खोटंही नाही. लीड्समधलं आजचं मोठं सेंट जेम्स हॉस्पिटल वर्कहाऊसमधूनच उभं राहिलंय.

१ जानेवारी १९०९ ला पहिल्यांदा सरकारी पेन्शन सुरू झालं. सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला ५ शिलिंग. तेव्हा एका पौंडात २० शिलिंग असायचे, म्हणजे पाव पौंड. फार नाही, पण वर्कहाऊसच्या दारात उभं राहण्याऐवजी पोस्टात जाऊन हक्काचे पैसे घेता येऊ लागले. हा आकडा लक्षात ठेवा. ५ शिलिंग. पुढे परत येणार आहे.

आता एका बाईंची ओळख करून देते, कारण त्यांच्याशिवाय ही गोष्ट अर्धवट राहील. डॉ. मार्जरी वॉरेन. १९३५ मध्ये पश्चिम लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलनं शेजारच्या वर्कहाऊसचा दवाखाना ताब्यात घेतला आणि तिथल्या सातशेहून जास्त रुग्णांची जबाबदारी डॉ. वॉरेनवर आली. बहुतेक म्हातारे, बरेचसे वर्षानुवर्षं अंथरुणावर. म्हातारे आहेत, आता काय करायचं, असं म्हणून ठेवून दिलेले. बाईंनी एकेकाला तपासायला सुरुवात केली. बघतात तर काय, यातल्या कितीतरी जणांना नीट उपचार मिळाले तर ते उठून बसू शकतात, चालू शकतात, काही जण तर घरी जाऊ शकतात! आणि त्यांनी ते करून दाखवलं. म्हाताऱ्यांच्या उपचारांचं आज जे वेगळं शास्त्र आहे, त्याची आई म्हणून त्यांचं नाव घेतात.

बाईंचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, ज्याला तुम्ही म्हातारपण म्हणताय तो बऱ्याचदा उपचार न झालेला आजार असतो. आपल्या नागपूरच्या श्रोतीचा प्रश्न इथेच आहे की नाही? आजार कुठे संपतो आणि म्हातारपण कुठे सुरू होतं? डॉक्टरला ही रेघ मारता येत नाही. पण सरकारला मारावी लागली, आणि तीही तारीख-वार ठरवून.

५ जुलै १९४८. सोमवार. महायुद्ध संपून तीन वर्षं झालीत, रेशनिंग अजून चालू आहे. आरोग्यमंत्री आहेत अन्युरिन बेव्हन, वेल्समधल्या खाणकामगाराचे चिरंजीव, स्वतः पोरवयात खाणीत उतरलेले. त्या दिवशी एनएचएस सुरू झालं. डॉक्टर फुकट, हॉस्पिटल फुकट, ऑपरेशन फुकट. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर सिनेमे निघतात, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनातसुद्धा एनएचएसवर नाच झाला.

पण त्याच दिवशी आणखी एक कायदा लागू झाला, त्याच्यावर कोणी नाचत नाही. नॅशनल असिस्टन्स ॲक्ट. त्याच्या पहिल्याच कलमानं जुना पुअर लॉ रद्द केला. आणि त्याच कायद्यानं ठरवलं की म्हातारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे ज्यांना देखभालीची गरज आहे आणि ती दुसरीकडे मिळत नाही, त्यांच्यासाठी स्थानिक काउन्सिलनं निवासाची सोय करायची. काउन्सिल म्हणजे आपल्याकडची महापालिका किंवा जिल्हा परिषद समजा. ही सोय मात्र फुकट नाही. ऐपतीप्रमाणे पैसे द्यायचे, आणि ऐपत मोजताना माणसाची मालमत्ताही धरायची.

म्हणजे बघा, एकाच दिवशी दोन दरवाजे उघडले. आजारी असाल तर या दारानं, सगळं मोफत. म्हातारे आणि अशक्त असाल तर त्या दारानं, आणि येताना पासबुक घेऊन या. कित्येक गावांत तर ही दोन दारं शब्दशः एकाच कंपाऊंडमध्ये होती. जुन्या वर्कहाऊसची अर्धी इमारत हॉस्पिटल झाली, अर्धी काउन्सिलचं वृद्धनिवास. मधे एक भिंत किंवा एक व्हरांडा. तुम्ही कुठल्या बाजूला झोपलात त्यावर बिल ठरणार!

आता बेव्हन काही दुष्ट माणूस नव्हता, उलट त्याच्या डोक्यात फार छान चित्र होतं. त्याला वर्कहाऊसची शरम घालवायची होती. त्याचं म्हणणं, छोटी छोटी घरं बांधू, पंचवीस-तीस माणसांची. म्हातारे तिथे हॉटेलातल्या पाहुण्यांसारखे राहतील. हॉटेलात पैसे देतो तसे देतील, म्हणजे उपकाराखाली राहिल्यासारखं वाटणार नाही. तेव्हा पेन्शन होतं आठवड्याला २६ शिलिंग. त्यातले २१ होमला द्यायचे, ५ खिशात ठेवायचे, तंबाखूला, पेपरला, नातवाला खाऊ आणायला. आला ना परत ५ शिलिंगचा आकडा?

आणि आणखी एक बदल झाला, ज्याकडे मला विशेष लक्ष वेधायचंय. या कायद्यात कोणी कोणाला पोसायचं याची नवी यादी आली. नवऱ्यानं बायको-मुलांना, बायकोनं नवरा-मुलांना. बस्स. मुलांनी आईबापांना पोसायचं, हे १६०१ पासूनचं कलम गायब. तो ३४७ वर्षांचा आकडा आला तो इथून. त्या दिवसापासून इंग्लंडमध्ये कायद्यानं कुठल्याही मुलाला किंवा मुलीला आईच्या होमचं बिल मागता येत नाही. आईच्या घराकडे मात्र बोट दाखवता येतं.

मग १९४८ मध्ये लोक चिडले का नाहीत? दोन कारणं. एक म्हणजे तेव्हा साधारण तिसरा हिस्साच कुटुंबं स्वतःच्या घरात राहायची, बाकी भाड्यानं. गरीब म्हातारीकडे विकायला घर होतं कुठे? नियम होता, पण तो लागू व्हायला माणूस सापडत नव्हता. दुसरं म्हणजे जी फार आजारी होती ती हॉस्पिटलच्या लांबलचक वॉर्डांत वर्षानुवर्षं पडून असायची. दृश्य केविलवाणं, पण मोफत.

छोट्या घरांचं स्वप्न मात्र पैशाअभावी रेंगाळलं. पीटर टाउनसेंड नावाचे समाजशास्त्रज्ञ पन्नासच्या दशकाच्या शेवटी इंग्लंड-वेल्समधली १७३ वृद्धनिवासं फिरले. त्यांचं पुस्तक १९६२ मध्ये आलं. कायदा होऊन दहा वर्षं झाली तरी हजारो म्हातारे त्याच जुन्या वर्कहाऊसच्या इमारतींत, त्याच मोठ्या हॉलमध्ये ओळीनं लावलेल्या खाटांवर होते. फक्त दारावरची पाटी बदलली होती.

पुढचं चक्र उलटं फिरलं ते ऐंशीच्या दशकात. मार्गारेट थॅचरबाईंचा काळ. लोकांना काउन्सिलची भाड्याची घरं स्वस्तात विकत घेता येऊ लागली, घरमालकांची संख्या वाढली. तिकडे हॉस्पिटलांनी ते लांबलचक वॉर्ड बंद करत आणले. आणि १९८० मध्ये नियमात एक फट पडली: खाजगी वृद्धनिवासात राहणारा माणूस गरीब असेल, तर त्याचं बिल समाजकल्याणाच्या खात्यातून भरायचं. त्याला खरंच होमची गरज आहे का, हे कोणी तपासायचंच नाही. मग काय, खाजगी होम्सचं पेवच फुटलं. समुद्रकाठच्या गावांतली रिकामी गेस्टहाऊसं रातोरात केअर होम झाली. १९७९ मध्ये सरकारचा यावरचा खर्च होता सुमारे १ कोटी पौंड. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो २०० कोटींच्या वर गेला. हो, बरोबर ऐकलंत!

सरकार हादरलं. सेन्सबरीज नावाची सुपरमार्केटची साखळी आहे, तिथले एक बडे अधिकारी सर रॉय ग्रिफिथ्स यांना अहवाल द्यायला सांगितलं. १९८८ ला अहवाल, १९९० ला कायदा, एप्रिल १९९३ पासून अंमल. नळ बंद. आता आधी काउन्सिल गरज तपासणार, मग खिसा तपासणार. हॉस्पिटलचे मोफत वॉर्ड गेलेले, घरं मात्र आता बहुसंख्य म्हाताऱ्यांच्या नावावर. १९४८ चा जो नियम कुणाला फारसा लागत नव्हता, तो आता मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. नियमाचा गाभा तोच राहिला, देश बदलला. मला वाटतं या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा हाच आहे, म्हणून जरा हळू सांगितला.

आता नागपूरच्या श्रोतीच्या कॉरिडॉरमध्ये परत येऊ.

समजा तुमची आई इंग्लंडमध्ये आहे आणि तिला होमची गरज आहे. पहिली परीक्षा आरोग्याची. तिची मुख्य गरज आरोग्याची आहे असं ठरलं, तर एनएचएस सगळं भरणार, राहण्या-जेवणासकट. हे ठरवायला एक भलामोठा फॉर्म असतो, बारा विभागांचा: श्वास, आहार, हालचाल, त्वचा, स्मरणशक्ती, वागणूक वगैरे. प्रत्येकात गरज किती, कमी, मध्यम, जास्त की गंभीर, ते टिकमार्क करायचं. या परीक्षेमागे १९९९ चा एक गाजलेला खटला आहे. अपघातात कायमचं अपंगत्व आलेल्या डेव्हनमधल्या एका बाईंना आधी आरोग्य खात्यानं 'हे तुमचं कायमचं घर' असं वचन दिलं आणि नंतर ते बंद करायला काढलं. बाई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. कोर्टानं म्हटलं, मुख्य गरज आरोग्याची असेल तर ती जबाबदारी काउन्सिलवर ढकलता येणार नाही.

पण डिमेन्शियाचं काय? मेंदूचा आजार आहे, डॉक्टर तसं लिहून देतात. तरी नुसत्या निदानावर पैसे मिळत नाहीत. फॉर्म विचारतो, गरज कसली? आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, भरवायचं, लक्ष ठेवायचं. मग ही झाली सामाजिक देखभाल. पहिल्या आजीच्या फिट्स कधीही येतात, कसबी लक्ष लागतं, म्हणून ती या दारानं गेली. दुसरी त्या दारानं. ५ जुलै १९४८ चा व्हरांडा आजही त्या कॉरिडॉरमधून जातो.

त्या दारानं गेलात की दुसरी परीक्षा, पैशाची. आईकडे २३,२५० पौंडांपेक्षा जास्त असेल तर सगळा खर्च तिचा. हा आकडा २०१० पासून हललेला नाही, महागाई कुठल्या कुठे गेली तरी. घर त्यात धरतात. पण नवरा किंवा बायको त्या घरात राहत असेल तर धरत नाहीत, साठीच्या वरचा एखादा नातेवाईक राहत असेल तरी नाही. पहिले बारा आठवडे घर बाजूला ठेवतात. लगेच विकायचं नसेल तर काउन्सिलशी करार करता येतो, ती तात्पुरते पैसे भरते आणि घरावर बोजा चढवते, व्याजासकट नंतर वसूल. हे अनेकांना माहीत नसतं आणि घाईघाईत घर विकलं जातं. श्रोतीबाई, त्या मुलाला हे आधी विचारायला सांग!

स्वतः पैसे भरणाऱ्याला आज आठवड्याला हजार पौंडांच्या आसपास किंवा वरच खर्च येतो. आठवड्याला, महिन्याला नव्हे. रुपयांत लाखाच्या पुढे. आणि गंमत ऐका, तिथल्या स्पर्धा आयोगानं २०१७ मध्ये हिशोब मांडला तर त्याच होममध्ये, तशाच खोलीसाठी स्वतः भरणारे लोक काउन्सिलपेक्षा सरासरी ४१ टक्के जास्त देत होते. काउन्सिल घासाघीस करून दर पाडते, ती तूट दुसऱ्या आजीच्या घरातून भरून निघते.

बरं, पैसे संपले की? मग काउन्सिल भरते, पण आईचं पेन्शन त्यात वळतं करून घेते आणि तिच्या हातात आठवड्याला तीस-एक पौंड ठेवते. ओळखलंत? बेव्हनच्या ५ शिलिंगचंच हे आजचं रूप. आणि काउन्सिलच्या दरात बसणारं होम तुम्हाला पसंत नसेल, आईला तिच्या मैत्रिणीच्या गावात किंवा तुमच्या घराजवळ ठेवायचं असेल, तर वरचा फरक तिऱ्हाईतानं भरायचा. हा तिऱ्हाईत बहुतेक वेळा कोण असतो? मुलगा किंवा मुलगी. १९४८ ला पुढच्या दारानं घालवलेलं १६०१ चं कलम असं मागच्या दारानं आत आलं.

आणि काही शहाणे आधीच घर मुलांच्या नावावर करून टाकतात. काउन्सिलला संशय आला की मुद्दाम केलंय, तर ते घर अजून आईचंच आहे असं धरून हिशोब करतात.

हे सगळं सुधारायचा प्रयत्न झाला नाही का? झाला की! स्कॉटलंडनं २००२ पासून आंघोळ-भरवण्यासारखी वैयक्तिक देखभाल मोफत केली, राहण्या-जेवणाचे पैसे मात्र द्यावे लागतात. इंग्लंडची कहाणी मात्र आपल्याकडच्या रखडलेल्या पुलासारखी. २०११ मध्ये अर्थतज्ज्ञ अँड्र्यू डिलनॉट यांच्या आयोगानं सांगितलं, पासष्टीच्या दर दहा माणसांतल्या एकाला आयुष्यात या देखभालीवर १ लाख पौंडांहून जास्त खर्च येणार, आणि तो एक कोण हे कुणालाच आधी कळत नाही. म्हणून ३५ हजारांची कमाल मर्यादा घाला, त्यापुढे सरकारनं भरावं. २०१४ ला कायदा झाला, मर्यादा ७२ हजार केली, २०१६ पासून लागू करू म्हणाले. पुढे ढकललं. २०१७ च्या निवडणुकीत टेरेसा मे बाईंनी वेगळीच योजना आणली, विरोधकांनी तिला 'डिमेन्शिया टॅक्स' नाव दिलं, चार दिवसांत माघार घ्यावी लागली आणि निवडणुकीत बहुमतही गेलं. २०२१ ला बोरिस जॉन्सननी ८६ हजारांची मर्यादा जाहीर केली, २०२३ पासून. परत ढकललं २०२५ वर. जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारनं ती रद्दच केली. जानेवारी २०२५ मध्ये नवा आयोग जाहीर झाला, अंतिम अहवाल २०२८ पर्यंत. म्हणजे पासष्टीचा जो माणूस डिलनॉटचा अहवाल वाचून सुखावला असेल, तो तेव्हा ८२ वर्षांचा असेल.

यात आपली माणसं कुठे आहेत? होममध्ये कामाला माणसं मिळेनात म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये इंग्लंडनं केअर वर्करसाठी व्हिसा खुला केला. भारतातून खूप जण गेले, आपली नागपूरची श्रोतीही त्यातलीच. मार्च २०२४ पासून सोबत नवरा-मुलांना आणायला बंदी आली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशातून नवी भरतीच बंद झाली. कुणा एजंटनं आज या कामासाठी व्हिसा काढून देतो म्हणून पैसे मागितले, तर देण्याआधी दहादा विचार करा.

आता शेवटचा भाग, आपल्या घरचा. आपला प्रवास बरोबर उलट दिशेनं झाला. इंग्लंडनं १९४८ ला मुलांची जबाबदारी कायद्यातून काढली आणि आपण ती कायद्यात घालत गेलो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलगा-मुलगी दोघांवर. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आईवडिलांचा समावेश झाला, सगळ्या धर्मांसाठी. लग्न झालेली मुलगी जबाबदार की नाही, हा प्रश्न कल्याणच्या एका खटल्यातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. मुलगी डॉक्टर होती, वडिलांनी पोटगी मागितली होती. १९८७ मध्ये कोर्टानं सांगितलं, मुलगीसुद्धा जबाबदार. मग २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा. प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवर न्यायाधिकरण, वकील लागत नाही, पोटगी जास्तीत जास्त महिना १०,००० रुपये. ही मर्यादा काढायचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, पण मंजूर न होताच बारगळलं. 'सांभाळशील' या अटीवर मुलाच्या नावावर घर केलं आणि त्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून घ्यायची सोयही याच कायद्यात आहे. अट कागदावर लिहिलेली असेल तर काम सोपं जातं, हे लक्षात ठेवा. प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रम काढता येईल असंही त्यात म्हटलंय. काढता येईल, काढलेच पाहिजेत असं नाही. आणि महाराष्ट्र सरकारच्या निराधार वृद्धांच्या पेन्शन योजनेचं नाव काय? श्रावणबाळ. कावड कोणी उचलायची ते नावातच ठरलंय!

पण पुण्यात किंवा नाशिकमध्ये चांगल्या वृद्धनिवासाचं डिपॉझिट आणि महिन्याची फी विचारून बघा, मग दहा हजारांची पोटगी किती पुरते ते कळेल. "आमच्या आईचा मेडिक्लेम आहे की," असं कोणी म्हणेल. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांचं संरक्षणही आहे. पण दोन्ही कशासाठी? हॉस्पिटलसाठी.

आत्ता फोनमध्ये आईबाबांच्या पॉलिसीची पीडीएफ उघडा. वगळलेल्या गोष्टींच्या यादीत कोड ०५ शोधा. विमा नियामकानं ठरवून दिलेला हा मजकूर बहुतेक सगळ्या पॉलिसींत सारखाच असतो. घरी किंवा नर्सिंग होममध्ये आंघोळ घालणं, कपडे घालणं, हिंडायला-फिरायला मदत करणं, असल्या देखभालीचा खर्च मिळणार नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. मग ती देखभाल शिकलेली नर्स करो नाहीतर साधी मावशी.